खव्याचं मशीन बंद आहे, हप्ता चालू आहे

थोडं मोठं लिहितोय. कंटाळा येणार असेल तर पुढं जा, पण ईट, भूम, वाशी भागात ज्यांच्या दावणीला दुभतं जनावर आहे त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा ही विनंती. कुणाचं नाव घेणार नाही. भांडणच लावायचं असतं तर पारावर बसून लावलं असतं, एवढं टाईप करत बसलो नसतो.

आमच्या पंचक्रोशीत एक शेतकरी उत्पादक कंपनी आहे. मी तिचा भागधारक. 11 वर्षं चाकणला एका सुट्या भागांच्या कारखान्यात मेंटेनन्सला होतो, वडील थकले म्हणून परत आलो, आल्याबरोबर शेअर घेतला. नंतर कंपनीने वाफेवर खवा करायचं मशीन आणलं. स्टीलची दुहेरी भिंतीची कढई, दोन भिंतींच्या मधून वाफ, वर मोटरवर फिरणारे खरवडायचे हात, बाजूला छोटा बॉयलर. थोडं अनुदान, थोडं सभासदांचं, बाकी बँकेचं. उद्घाटनाला एवढे फ्लेक्स लागले होते की शेड दिसत नव्हतं. आज शेडला कुलूप आहे. बँकेचा हप्ता मात्र कुलूप लावून थांबत नाही.

गावात याची दोन कारणं सांगतात. एक, "आपली माणसंच तसली, आपल्याला कंपनी चालवणं जमत नाही." दोन, "मशीनच डुप्लिकेट दिलं." मी म्हणतो दोन्ही खोटं. मशीन मी स्वतः उघडून बघितलंय. पत्रा चांगला, वेल्डिंग चांगलं, मोटर नावाजलेल्या कंपनीची. आणि माणसांचं म्हणाल तर याच भागातली माणसं कित्येक वर्षं खवा करतायत. कुंथलगिरीचा पेढा खायला लोक हायवे सोडून आत येतात, तो काय आभाळातून पडतो का? भूम तालुक्यातल्या खव्याच्या भट्ट्या कुणाला सांगायला नकोत. म्हणजे मशीन चांगलं, माणसं जाणती. मग बंद का पडलं? कारण जाणती माणसं कंपनीत नव्हती. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. आता नीट सांगतो.

मशीन येण्याआधी त्याच जागेजवळ एक भट्टी होती. तिच्यावर एक मावशी काम करायच्या. लाकडाची भट्टी, लोखंडी कढई, हातात लांब उलथणं. डोळे धुरानं कायम लाल. मशीन आलं तशी भट्टी मोडली आणि मावशींना "आता गरज नाही" म्हणून घरी पाठवलं. मशीनवर एका संचालकाचा पुतण्या बसवला. पोरगं चांगलं आहे, त्याच्यावर माझा राग नाही. त्याला विक्रेत्याच्या माणसाने दोन दिवस शिकवलं: हे बटण दाबा, हा व्हॉल्व्ह फिरवा, अमुक मिनिटांनी काढा. झालं प्रशिक्षण. प्रमाणपत्रासकट.

पहिल्या महिन्यापासून खवा कधी चिकट, कधी रवाळ, कधी करपट. बार्शीच्या एका हलवायाने दोनदा माल परत पाठवला. तिसऱ्यांदा त्याने फोनच उचलला नाही.

मी मावशींच्या घरी गेलो. म्हणलं, मावशी, तुमच्या हातचा खवा कधी परत आला होता का? त्या हसल्या. म्हणाल्या, "सगळं दूध एका कढईत कोण घालतं?" आणि मग त्यांनी मला अर्धा तास जे सांगितलं ते कंपनीच्या फाईलमध्ये कुठंच नाही. दूध आलं की त्या वासावरून आणि पहिल्या उकळीवरून ओळखायच्या, हे ताजं आहे का जरा चढलेलं. ताजं दूध पिंडी खव्याला, म्हणजे पेढ्याला जातो त्या मऊ गोळ्याला. जरा आंबटपणाकडे झुकलेलं दूध बाजूला ठेवायचं, त्याचा दाणेदार खवा करायचा, तो कलाकंदवाला घेतो. उन्हाळ्यात लांबच्या वस्तीवरून कॅनमध्ये आलेलं दूध बहुतेक दुसऱ्या प्रकारचं. म्हशीच्या दुधाला साधारण पाच लिटरला किलो खवा पडतो, गाईच्या दुधाला त्याहून जास्त दूध लागतं आणि खवा जरा चिकट येतो, म्हणून गाईच्या दुधात म्हशीचं किती घालायचं याचं त्यांचं एक माप होतं. आणि शेवटी दूध आटून कढईची कड सोडायला लागलं की भट्टीतली लाकडं मागं ओढायची. तिथं आच जास्त राहिली की रंग गेला, वास गेला.

आता मशीनकडे या. आमच्याकडे सकाळचं, संध्याकाळचं, गाईचं, म्हशीचं सगळं दूध एकाच टाकीत. फॅट आणि डिग्री बघितली की संपलं. मशीनला शेवटची आच कमी करायची सोय आहे, वाफेचा व्हॉल्व्ह त्यासाठीच आहे! पण कधी कमी करायची हे कागदावर मिनिटांत लिहिलं होतं, आणि ती मिनिटं कुठल्या तरी दुसऱ्या गावच्या दुधाची होती. मावशींना व्हॉल्व्ह माहीत नव्हता, पुतण्याला कड सोडणं माहीत नव्हतं. दोघांना एका जागी एक महिना उभं केलं असतं तर आज मी हे लिहीत बसलो नसतो.

दुसरी गोष्ट पाण्याची. आपल्याकडचं बोअरचं पाणी किती क्षाराचं आहे हे घराघरातल्या हंड्याच्या बुडाला विचारा. असं पाणी बॉयलरला लावलं की आत पांढरा थर चढतो. थर चढला की उष्णता पाण्यात जात नाही, जळण वाढतं, नळ्या तापून खराब होतात. यावर उपाय अवघड नाही, पाणी मऊ करायचं छोटं युनिट येतं. ते कोटेशनमध्ये होतं. "ऐच्छिक" म्हणून लिहिलं होतं, म्हणून किंमत कमी करायला संचालक मंडळाने काढून टाकलं. एका हंगामात बॉयलरचा जीव गेला. चाकणला मी पहिल्या वर्षी जे चार धडे शिकलो त्यातला हा एक होता. पण मला कुणी विचारलं नाही, आणि खरं सांगतो, मीही पुढं होऊन बोललो नाही. पोरगं पुण्यावरून आलंय, शहाणपणा शिकवतंय, असं म्हणतील म्हणून गप्प बसलो. हा माझा दोष.

विजेचं काय सांगू. लाईट गेली की खरवडणारे हात थांबणार, कढई तापलेलीच. लाकडाच्या भट्टीवर लाईट गेली काय आणि आली काय.

आता जरा गावाबाहेर जाऊ, कारण ही फक्त आपल्या शेडची गोष्ट नाही. 1990 साली वेस्ली कोहेन आणि डॅनियल लेव्हिन्थल या दोन अमेरिकन प्राध्यापकांनी एक लेख लिहिला. व्यवस्थापन शिकणाऱ्या पोरांना तो अजून वाचायला लावतात. त्यांचं म्हणणं माझ्या भाषेत सांगायचं तर असं: बाहेर नवीन काही आलं की त्यातलं आपल्या कामाचं काय हे ओळखणं, ते आपलंसं करणं आणि त्याचे पैसे करणं, हे तिन्ही कंपनीला आधीपासून काय येतं यावर अवलंबून असतं. दूध सगळ्यांच्या घरी येतं, दही त्याच्याच घरी लागतं ज्याने कालचं विरजण राखून ठेवलंय. आणि ते असंही म्हणतात की हे ज्ञान एका हुशार माणसाच्या डोक्यात असून भागत नाही, कंपनीतल्या माणसांनी एकमेकांशी बोलायला लागतं. आमच्याकडे मावशींच्या डोक्यात एक तुकडा, माझ्या डोक्यात एक तुकडा, पुतण्याच्या हातात एक तुकडा. मधे फक्त फ्लेक्स.

"हे मोठ्या कंपन्यांचं झालं" म्हणाल, तर मोठ्यांचंही बघा. ईटच्या रस्त्यावर रोज 407 टेम्पो जातो ना? 1954 साली टेल्कोने जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार करून ट्रक बनवायला घेतले. करार 15 वर्षांचा. 1969 साली जर्मन गेले. त्याआधीच, 1966 पासून, पुण्यात कंपनीने आपलं संशोधन केंद्र उभं करायला घेतलं. सुमंत मुळगावकरांचा हट्ट होता की साचे, हत्यारं आपण बनवायची, शिकाऊ पोरं आपण घडवायची. तेव्हा लोकांना हा उधळेपणा वाटला असेल. मग 1980 च्या दशकात टोयोटा, निसान, मित्सुबिशी, माझदा हे चार जपानी भारतीय भागीदार घेऊन छोटे ट्रक विकायला आले. सगळ्यांना वाटलं टेल्को संपली. 1986 साली टेल्कोने स्वतःच्या ताकदीवर 407 काढली, आणि आपल्या रस्त्यांवर कोण उरलं ते तुम्ही रोज बघता. जपान्यांची गाडी वाईट नव्हती. पण आपला ड्रायव्हर गाडीत किती भरतो आणि खड्डा कसा घेतो, हे टेल्कोला पंचवीस-तीस वर्षं ट्रक बनवून माहीत होतं.

जळगावच्या जैन कंपनीचंही तेच. ठिबक त्यांनी शोधलं नाही, बाहेरून आणलं. पण ठिबक आणायच्या आधी 1980 पासून ते पीव्हीसी पाईप बनवत होते आणि त्याच्याही आधी शेतकऱ्याला लागणाऱ्या वस्तू विकत होते. पाईप कसा ओढायचा हे येत होतं, शेतकरी पैसे कधी देतो आणि कुठं अडतो हेही येत होतं. ज्याला या दोन गोष्टी येत नव्हत्या त्याने ठिबकचा कारखाना काढला असता तरी नळ्या बांधावर गुंडाळून पडल्या असत्या. आपल्याकडे किती शेतात अनुदानाच्या नळ्या तशा पडल्यात ते सांगू नका मला.

आता एक उलटी बाजू आहे, ती लपवत नाही. आधीचं ज्ञान डोळ्यावर झापडही बांधतं. बजाजचं घ्या. चेतक म्हणजे एके काळी लग्नात हुंड्याला मागायची चीज, नोंदणी केली की वर्षानुवर्षं वाट बघायची. गिअरची स्कूटर त्यांच्याइतकी कुणालाच येत नव्हती. 2001 साली होंडाने बिनगिअरची ॲक्टिव्हा आणली. ज्यांना गिअरची स्कूटर सगळ्यात चांगली येत होती, त्यांनाच त्या गाडीला उत्तर देता आलं नाही, आणि 2009 साली बजाजने स्कूटरचा धंदाच बंद करायचं ठरवलं. पण त्याच 2001 साली त्याच कंपनीने पल्सर काढली, ती तुफान चालली. का? कारण 1980 च्या दशकापासून कावासाकीबरोबर बसून ते मोटरसायकल शिकत होते. पंधरा वर्षं शिकले, मग कमावलं. एकाच घरात दोन्ही गोष्टी घडल्या.

म्हणून मी मावशींच्या पायाशी बसून जुनं ते सोनं म्हणणार नाही. लाकडाच्या भट्टीने त्यांच्या डोळ्यांचं आणि फुप्फुसांचं काय केलंय ते मी बघितलंय. बाभळी किती तुटल्या तेही बघितलंय. "वाफेच्या खव्याला चव नाही" म्हणणारे जुने व्यापारीही मला पटत नाहीत, त्यांना बदल नको आहे एवढंच. आपल्याच भूम तालुक्यात लाकूड न जाळता सौरऊर्जेवर खवा करून दाखवलाय लोकांनी. तेव्हा नवं आपल्याकडे टिकतच नाही हे बोलणं बंद करा. भट्टी जायलाच पाहिजे. भट्टीबरोबर भट्टीवरचं माणूस घालवायचं, हे कुठलं शहाणपण?

आणि ते घालवलं कुणी? इथं माझा खरा राग आहे. आपल्याकडे यंत्र येतं ते गरजेतून येत नाही, प्रकल्प अहवालातून येतं. अहवाल सल्लागार लिहितो. आमच्या कंपनीच्या अहवालात दोन ठिकाणी भलत्याच तालुक्याचं नाव राहिलं होतं, पुसायला विसरले होते. त्यात दूध किती मिळेल, खवा किती निघेल, नफा किती, सगळे आकडे होते. पाण्याची तपासणी नव्हती. दूध कुठल्या महिन्यात कसं असतं हे नव्हतं. हे काम कोण करणार, त्याला आज काय येतं आणि काय शिकवावं लागेल, यावर एक ओळ नव्हती. मशीनचं बिल दाखवलं की अनुदान मिळतं. मावशींना सहा महिने पगार देऊन पुतण्याला त्यांच्या हाताखाली उभं केलं, याचं बिल कुठल्या रकान्यात दाखवायचं? रकानाच नाही. म्हणून तो खर्च कुणी करत नाही. लोखंडाला पैसे आहेत, शिकण्याला नाहीत.

2020 साली केंद्राने 10,000 शेतकरी उत्पादक कंपन्या उभ्या करायची योजना आणली. एका कंपनीला व्यवस्थापनासाठी तीन वर्षांत 18 लाखांपर्यंत मदत. चांगली गोष्ट आहे, त्यातून सीईओ आणि हिशेबनिसाचा पगार निघतो. पण तीन वर्षांत कंपनीला शहाणपण येतं का हो? टेल्कोला करार संपवायला 15 वर्षं लागली, ती टाटांची कंपनी होती.

आता पुढची लाट आलीय. 2025 साली राज्य सरकारने शेतीसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचं धोरण मंजूर केलं, 500 कोटींची तरतूद. बारामतीच्या उसाचं उदाहरण सगळे देतात, सत्या नाडेलांनीही कौतुक केलं. मी त्या प्रयोगाची चेष्टा करत नाही. पण बारामतीच्या त्या ट्रस्टने गेली पन्नासेक वर्षं माती, पाणी, जनावरं, बियाणं यांवर काम केलंय. मोजायची, लिहून ठेवायची सवय तिथं मुरलीय. संगणकाला खायला घालायला त्यांच्याकडे काहीतरी आहे. आमच्या कंपनीत कुठल्या दिवशी कुठल्या दुधाचा किती खवा निघाला आणि कसा निघाला याची एक वही नाही. वही! दोनशे पानी, शाळेतली. ती नसताना उद्या आमच्या शेडवर सेन्सर लावला तर तो काय सांगणार? खवा करपला एवढंच सांगणार, ते वासाने कळतंय.

कुणी म्हणेल, तू एवढा गरम का होतोयस, एक मशीन बंद पडलं म्हणून? 2024 च्या सुरुवातीला आठवा. गाईच्या दुधाला लिटरला 27 रुपये मिळाले तर वर 5 रुपये अनुदान द्यायची वेळ सरकारवर आली होती. पेंडीचा भाव काय, कडब्याचा भाव काय, त्यात 27 रुपयांत काय उरतं ते घरच्या बाईला विचारा. दूध पडून विकलं जातं तेव्हा खवा हा आपल्या हातातला एकच दरवाजा आहे जो बाहेरच्या डेअरीच्या दारात उभं न राहता उघडतो. ते मशीन त्या दरवाजाचं होतं. आणि हप्ता भरायला कंपनीने सभासदांच्या दुधाच्या बिलातून लिटरमागे कापायला सुरुवात केलीय. ज्या म्हातारीच्या दोन शेळ्या आणि एक गाय आहे तिच्या बिलातूनसुद्धा. तिने मशीन बघितलेलं नाही.

आता कालची गोष्ट. वार्षिक सभेची नोटीस आली. विषय क्रमांक 4: नवीन पॅकिंग मशीन खरेदीस मंजुरी देणे. खवा तयार होत नाही आणि पॅकिंग मशीन! विचारलं तर म्हणाले, अनुदान आलंय, मार्चच्या आत वापरायचंय.

मी विषय क्रमांक 4 ला विरोध करणार आहे. त्याच्या आधी हे ठेवणार आहे: बोअरच्या पाण्याची तपासणी करून पाणी मऊ करायचं युनिट बसवा, बॉयलर दुरुस्त करा. मावशींना आणि त्यांच्यासारख्या अजून दोघींना पगारावर घ्या, मजूर म्हणून नाही, शिकवणाऱ्या म्हणून, आणि पुतण्याला त्यांच्या हाताखाली द्या. पहिले सहा महिने रोज अर्धीच कढई लावा, बिघडलं तरी चालेल, पण का बिघडलं ते वहीत लिहा. गाईचं आणि म्हशीचं दूध वेगळं घ्या. संचालक मंडळात एक जागा अशा माणसाला द्या ज्याने आयुष्यात एकदा तरी स्वतःच्या हाताने खवा केलाय. आज तिथं एकही नाही, तपासून बघा. मेंटेनन्सचं मी बघतो, पगार नको.

मावशींना विचारून आलोय. त्या तयार आहेत, पण म्हणाल्या, "सभेत बायकांना बोलू देतात का?" त्यांच्या सुनेच्या नावावर एक शेअर आहे. उत्पादक कंपनीत ज्याचे शंभर शेअर त्यालाही एक मत आणि जिचा एक शेअर तिलाही एकच मत, हे बऱ्याच जणांना माहीत नाही. म्हणून मुद्दाम लिहितोय. ज्यांच्या घरात शेअर आहे त्यांनी सभेला या, बायकांना घेऊन या, आणि विषय क्रमांक 4 येईपर्यंत चहा पिऊन उठून जाऊ नका.

ज्यांना माझं चुकतंय असं वाटतं त्यांनीही खाली लिहा. संचालकांनी तर नक्की लिहा. फक्त "राजकारण करतोय" एवढंच लिहू नका, पाणी कधी तपासलं होतं ते लिहा.